कुऱ्हाडीचा दांडा

गेल्या वर्षी आमच्या वर्गाची सहल रत्नागिरीला गेली होती. पालीकरांना रत्नागिरी म्हणजे काही परदेश नव्हे, एस.टी.त बसले, हातखंबा मागे टाकला की आलीच. तरी सहल ती सहल. दुपारी आम्ही थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवले, १९१० मध्ये हा वाडा बांधून झाला आणि १९१६ साली राजा इथेच वारला, एवढे आम्हाला शाळेपासून ठाऊक होते. परंतु आमच्यातल्या एका मुलाने सरांना सरळच विचारले, "पण सर, त्याचा गुन्हा काय होता?"

सरांनी जे उत्तर दिले ते माझ्या डोक्यातून अजून गेलेले नाही. ते म्हणाले, "लाकडाचे ओंडके मोजले, हा गुन्हा."

गोष्ट अशी आहे. १८६३ साली मुंबईत 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' नावाची कंपनी निघाली. ब्रह्मदेशातील सागवान तोडायचे, नदीतून खाली सोडायचे आणि जगभर विकायचे, हा तिचा धंदा. राजाकडून तिने जंगलांचे पट्टे घेतले होते आणि ओंडक्यांच्या संख्येवर तिने राजाला पैसे द्यायचे होते. १८८५ साली राजाच्या दरबाराने ठपका ठेवला की कंपनी काढते जास्त आणि दाखवते कमी. वीस लाखांहून अधिक रुपयांचा दंड ठोठावला गेला. कंपनीने आरोप नाकारला आणि सरकारकडे धाव घेतली. फ्रेंचांचा ब्रह्मदेशात शिरकाव होईल ही भीती इंग्रजांना होतीच. तिला हे निमित्त मिळाले. नोव्हेंबरात फौजा निघाल्या, पंधरवड्यात मंडाले पडले आणि १ जानेवारी १८८६ रोजी ब्रह्मदेशाचे राज्य खालसा झाल्याचे जाहीर झाले. राजा रत्नागिरीला आला. सागवानाचा हिशेब मात्र कंपनीकडेच राहिला.

वाचकहो, मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे, इतिहासाची नव्हे. ही कथा सांगण्याचे कारण निराळे आहे. त्या सहलीनंतर थोड्याच दिवसांत वर्गात सरांनी पर्यावरणाच्या अर्थशास्त्रातला एक प्रश्न चर्चेला दिला: जंगलाच्या लाकडावर जगणाऱ्या कंपन्या, कायद्याची सक्ती नसतानाही, पर्यावरणाचे नियम आपण होऊन का पाळतात? वर्गात हशा पिकला. "पाळतात कुठे?" असे मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले. मीही हसले. ज्या धंद्यात ओंडका मोजला म्हणून राजाला राज्य गमवावे लागले, त्या धंद्यात 'आपण होऊन' हा शब्द ऐकून हसू येणारच. पण घरी आल्यावर परीक्षेच्या तयारीसाठी आणलेल्या कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्याकडे माझे लक्ष गेले. त्यावर एका झाडाचे चित्र होते आणि झाडाला बरोबरची खूण जोडलेली होती. हा कागद नीट सांभाळलेल्या जंगलातून आला आहे, असे ती खूण सांगते. म्हणजे कोणीतरी, कुठेतरी, ओंडके मोजू देत आहे. सव्वाशे-दीडशे वर्षांत असे काय झाले? कंपन्यांचे हृदयपरिवर्तन झाले काय?

माझे मत असे आहे की हृदय होते तिथेच आहे. फक्त कंपनीच्या भोवतीची परिस्थिती बदलली. ती कशी बदलली हे समजून घेणे आपल्या पालीच्या, संगमेश्वरच्या, लांज्याच्या मुलामुलींना अगदी घरच्या कामाचे आहे. ते का, हे पुढे सांगते.

आधी दूरची उदाहरणे घेऊ. १९८०च्या दशकाच्या अखेरीस युरोपात उष्ण कटिबंधातल्या लाकडावर बहिष्काराची चळवळ उभी राहिली. दुकानांसमोर तरुण मंडळी फलक घेऊन उभी राहू लागली. इंग्लंडमध्ये घरबांधणीचे सामान विकणारी 'बी अँड क्यू' नावाची मोठी दुकानमालिका आहे. तिने १९९१ साली जाहीर केले की १९९५ च्या अखेरपर्यंत आपण फक्त नीट राखलेल्या जंगलातले लाकूड विकू. पण नीट राखलेले जंगल कोणते, हे ठरवायचे कोणी? लाकूड विकणाऱ्याने आपलेच प्रशस्तिपत्र लिहिले तर ते पुन्हा मंडालेचेच गणित. म्हणून व्यापारी, निसर्गसंस्था आणि जंगलवासीयांचे प्रतिनिधी एकत्र आले आणि १९९३ साली 'फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल' ही संस्था निघाली. माझ्या कागदाच्या गठ्ठ्यावरची खूण ती हीच. तपासणी तिसऱ्याने करायची, हे तिचे मुख्य तत्त्व.

दुसरे उदाहरण एका बाहुलीचे आहे. इंडोनेशियातील 'एशिया पल्प अँड पेपर' ही कागदाची प्रचंड कंपनी नैसर्गिक जंगल तोडून लगदा करते, अशी तक्रार वर्षानुवर्षे होती. २००७ साली वरील संस्थेने तिच्याशी संबंध तोडले. कंपनीला त्याचे फारसे काही वाटले नाही. मग २०११ साली ग्रीनपीसने नेम धरला तो कंपनीवर नाही, तर बार्बी बाहुलीवर. बाहुलीच्या खोक्याचा पुठ्ठा ह्या जंगलातून येतो, एवढेच त्यांनी जगाला सांगितले. खेळणी करणाऱ्या मॅटेल कंपनीने काही महिन्यांतच आपले कागद खरेदीचे धोरण बदलले. अशी एकेक गिऱ्हाइके गळू लागली आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये त्या कागद कंपनीने जाहीर केले की ह्यापुढे आम्ही नैसर्गिक जंगल तोडणार नाही. हा निर्णय 'स्वेच्छेचा' म्हणून नोंदला गेला! स्वेच्छाच, पण गिऱ्हाइकाने कान धरून लावलेली. पुढे त्या धोरणाचे पालन किती झाले ह्यावरही वाद झाले, हे इथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. एकदा कान धरला की काम संपले असे होत नाही. धरून ठेवावा लागतो.

तिसरे उदाहरण आपल्या शेजारचे आहे आणि ते मला सर्वांत बोलके वाटते. कारवार जिल्ह्यात दांडेलीला १९५०च्या दशकाच्या अखेरीस कागदाची गिरणी निघाली. सरकारने तिला बांबू दिला तो टनाला दीड रुपया ह्या दराने. त्याच काळात टोपल्या-सुपे विणणाऱ्या बुरुडाला बाजारात बांबूसाठी टनामागे हजारांच्या घरातली किंमत मोजावी लागत होती. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ यांनी ह्या बांबूचा अभ्यास केला. बांबू कायमचा पुरेल असे गणित कागदावर मांडलेले होते. प्रत्यक्षात तो संपत चालला होता, आणि जवळचा संपला तेव्हा गिरणी दूरदूरच्या राज्यांकडे वळली. ह्यात गिरणीच्या मालकाला दुष्ट ठरवण्याची गरज नाही. जी वस्तू मातीमोल मिळते ती कोण जपून वापरील? सार्वजनिक नळाची तोटी कोण बंद करतो?

पुढे १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने सांगितले की उद्योगांना सवलतीच्या दराने जंगल मिळणार नाही. लागणारे लाकूड त्यांनी शेतकऱ्यांशी संबंध जोडून पिकवून घ्यावे. आणि काय आश्चर्य! तेव्हापासून कागदाच्या कंपन्या शेतकऱ्याला रोपे देऊ लागल्या, बांधावरच्या निलगिरीची चौकशी करू लागल्या, सुधारित जातींवर संशोधन करू लागल्या. गोदावरीकाठी भद्राचलमच्या परिसरात हे काम फार मोठे झाले. निलगिरी लावली म्हणजे जंगल आले असे मी मुळीच म्हणत नाही. एकजात लावलेली झाडे म्हणजे लाकडाचे शेत. त्यात धनेश राहत नाही आणि हिरडाही पडत नाही. माझा मुद्दा एवढाच की उद्याचा माल आपल्यालाच उभा करायचा आहे असे कळताच उधळ्या माणूससुद्धा संसारी होतो.

ह्या सगळ्यावरून माझ्यापुरता मी एक निष्कर्ष काढला. लाकडाचा धंदा करणारा सक्तीवाचून नीट वागतो, त्यासाठी तीन गोष्टी लागतात. पहिली, विचारणारा कोणीतरी हवा. मग तो गिऱ्हाईक असो, शेजारी असो वा वर्तमानपत्र. दुसरी, नीट न वागल्यास त्याचे काहीतरी जाणार असले पाहिजे: नाव, बाजार किंवा उद्या येणाऱ्या कडक कायद्याची धास्ती. युरोपीय संघाने २०२३ साली कायदा केला की जंगल साफ करून पिकवलेले लाकूड, कॉफी, रबर वगैरे माल त्यांच्या बाजारात चालणार नाही. त्याची अंमलबजावणी लांबणीवर पडत गेली, तरी ज्यांनी आधीपासून आपल्या लाकडाचा ठावठिकाणा लिहून ठेवला होता ते निर्धास्त राहिले. कायदा येण्याआधी वागणे सुधारणे हा शहाणा व्यापार आहे. आणि तिसरी गोष्ट म्हणजे उद्या. ज्याला त्याच रानात पुन्हा यायचे आहे तोच रान राखतो.

आता घरची गोष्ट. आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला आमचे सामाईक रान आहे. सातबाऱ्यावर चौदा नावे, त्यांतली नऊ मुंबईला. ऐन, किंजळ, जांभूळ, बेहडा, थोडा खैर आणि मधून वाहणारा एक पऱ्या. रत्नागिरी जिल्ह्याचे हे वैशिष्ट्य आपल्याला माहीतच आहे: इथे सरकारी जंगल अगदी थोडे, डोंगर हिरवा दिसतो तो बहुतेक तुमच्याआमच्या खासगी मालकीचा. दर बारा-पंधरा वर्षांनी हे रान ठेकेदाराला उक्ते दिले जाते. तो सगळे साफ करतो, ट्रक भरतो आणि आंबा घाटाने वर निघून जातो. आमच्या शेजाऱ्यांचा डोंगर मी पाचवीत असताना तुटला. त्या वर्षापासून आमच्या पऱ्याचे पाणी होळीपर्यंत टिकत नाही. दोन्हींचा संबंध मला शास्त्राने सिद्ध करता येणार नाही. पण आईच्या डोक्यावरचा हंडा आता दुप्पट लांबून येतो, एवढे मला दिसते.

गेल्या गणपतीत सगळे चाकरमानी घरी आले असताना आमच्या रानाचा विषय निघाला. ठेकेदार पडवीत येऊन बसला होता. माणूस वाईट नव्हता. चहा घेतला, आजीची चौकशी केली, एक रक्कम सांगितली. मी धीर करून विचारले, "पऱ्याच्या कडेची झाडे आणि मोठे बेहडे सोडून तोडाल का?" तो हसला आणि म्हणाला, "बाय, मी सोडीन. पण वखारीत लाकूड गेले की लाकूड. कुठल्या डोंगरातले, कसे तोडले, कोण विचारतो? मी सोडले तर माझे नुकसान, आणि दुसरा कोणी येऊन तेच तोडील."

त्या एका वाक्यात सरांनी वर्गात दिलेल्या प्रश्नाचे उत्तर होते. विचारणारा नाही, जाण्यासारखे काही नाही, आणि उक्त्या सौद्यात उद्या नाही. तिन्ही गोष्टी नाहीत. मग त्याने कोणत्या कारणासाठी झाड सोडावे? इंडोनेशियाच्या कागदाला बाहुली आडवी आली. आमच्या किंजळीला कोण आडवे येणार?

आबा, म्हणजे माझे आजोबा, ह्यांचे म्हणणे आणखी निराळे होते. "उभे रान म्हणजे उभे संकट," असे ते म्हणतात. १९७५ साली राज्य सरकारने खासगी वने संपादन करण्याचा कायदा केला, तेव्हापासून रान राखले तर सरकार 'वन' म्हणून नोंद करील ही धास्ती आमच्याकडच्या पुष्कळ जमीनमालकांच्या मनात बसली. जुना १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदाही आहेच. साग, खैर, आंबा, फणस अशी झाडे परवानगीवाचून तोडता येत नाहीत. कायदे हेतूने चांगले. पण ज्याने राखले त्याचा सातबारा अडकतो आणि ज्याने तोडले तो मोकळा, असा समज एकदा पसरला की सक्तीच कुऱ्हाडीला धार लावते. सक्ती पुरेशी नाही, म्हणून तर स्वेच्छेचा प्रश्न आमच्या जिल्ह्यात अधिक मोलाचा आहे.

कोणी म्हणेल, आपल्या पूर्वजांकडे हे सगळे होतेच, देवराया होत्याच. खरे आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास जगापुढे मांडला. देवाच्या नावाने राखलेल्या ह्या रानात सुकी काटकीसुद्धा नेत नसत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही आरमारासाठी लाकूड कसे घ्यावे ह्याची आज्ञा आहे: आंबा-फणसासारखी झाडे रयतेने लेकरासारखी वाढवलेली, त्यांना हात लावू नये, एखादे जीर्ण झाड घ्यायचेच तर मालकाला राजी करून, पैसे देऊन घ्यावे. सुमारे तीनशे वर्षांपूर्वीचा हा मजकूर आहे. परंतु नुसता अभिमान बाळगून भागणार नाही. देवराईतही वरील तिन्ही गोष्टी होत्या हे आपण विसरतो. विचारणारा देव होता आणि गाव होते. कोपाची भीती होती. आणि नातवंडे त्याच गावात राहणार होती, म्हणून उद्या होता. आज नातवंडे नालासोपाऱ्याला आहेत. देवळाच्या जीर्णोद्धाराचा खर्च निघावा म्हणून देवराईतलीच झाडे विकल्याच्या गोष्टी आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. श्रद्धा तीच, पण भोवतालची परिस्थिती बदलली. म्हणजे जो नियम कंपनीला लागू, तोच आपल्यालाही लागू.

मग कोकणात ही परिस्थिती निर्माण करता येते का? येते, आणि त्याचे उदाहरण आपल्या शेजारच्या संगमेश्वर तालुक्यातच आहे. पुण्याची 'अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन' ही संस्था १९९०च्या दशकापासून ह्या भागात काम करते. गावकऱ्यांशी करार करून, रान न तोडल्याबद्दल मोबदला देण्याचा मार्ग तिने चोखाळला. पुढे तिने बेहड्याकडे लक्ष वळवले. बेहड्याचे लाकूड कोणी मानाने घेत नाही, जळणात जाते. परंतु ह्याच जुन्या, उंच झाडांच्या ढोलीत धनेश पक्ष्याची घरटी असतात. मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर तिला फळे भरवतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. आणि बेहड्याचे फळ म्हणजे त्रिफळ्यातला एक तृतीयांश! संस्थेने हिरडा-बेहड्याच्या फळांना 'फेअरवाइल्ड' ह्या आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र मिळवले. सगळीच फळे ओरबाडायची नाहीत, झाडाला इजा करायची नाही, वेचणाऱ्याला योग्य दाम द्यायचा, अशा त्याच्या अटी. इंग्लंडमधली 'पुक्का हर्ब्ज' ही औषधी चहाची कंपनी हा माल घेऊ लागली. तिला सक्ती कोणाची होती? कोणाचीही नाही. पण तिचे गिऱ्हाईक खोक्यावरची अक्षरे वाचणारे होते. इंग्लंडातल्या त्या वाचणाऱ्या गिऱ्हाइकामुळे संगमेश्वरातला धनेश ढोलीत सुखरूप राहतो, ही गोष्ट मला कुठल्याही कवितेपेक्षा कमी वाटत नाही.

ह्यावर माझ्या मैत्रिणीचा आक्षेप आहे, आणि तो खोडून काढणे सोपे नाही. ती म्हणते, "कंपनीची स्वेच्छा म्हणजे मालकाची मर्जी. आज आहे, उद्या नाही." खरेच, २०१७ साली पुक्का ही कंपनी युनिलिव्हरने विकत घेतली. मोठ्या माशाने छोटा मासा गिळला की छोट्याची वचने कोण पाळतो, ही शंका अशा वेळी येणारच. शिवाय प्रमाणपत्राला खर्च येतो. तो कंपनीला परवडतो, आमच्या चौदा नावांच्या सातबाऱ्याला परवडत नाही. हिरव्या पानाचे चित्र छापून काळे धंदे झाकणारेही आहेत. हे सगळे मान्य. पण मैत्रिणीचा आक्षेप मान्य केल्यावरही मला प्रश्न पडतो तो हा, की मग विचारणेच सोडून द्यायचे का? मर्जी लहरी असते म्हणून तर विचारणाऱ्याने कायम दारात उभे राहायचे. केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२३ मध्ये वन आणि लाकूड प्रमाणीकरणाची ऐच्छिक योजना जाहीर केली आहे. ती कोकणातल्या चार-सहा एकरवाल्यापर्यंत पोहोचावी ही मागणी करणे आपले काम आहे. अनेक मालकांनी मिळून एक प्रमाणपत्र घेण्याची पद्धत जगात आहे. वाडीवाडीने बचतगट चालवणाऱ्या आमच्या आयांना हे काही अवघड नाही.

आता आमच्या रानाचे काय झाले ते सांगते. पडवीतल्या त्या बैठकीत मी पुष्कळ बोलले. मुंबईचे काका म्हणाले, "कॉलेजात शिकवतात ते पेपरात लिहायचे असते." कोणी हसले, कोणी उठून गेले. आबा गप्प होते. रात्री त्यांनी मला बोलावले आणि विचारले, "त्या राजाचे काय म्हणत होतीस? ओंडके मोजले म्हणून?" मी सगळी गोष्ट पुन्हा सांगितली. सकाळी त्यांनी सर्वांसमोर सांगितले, "रान देऊ. पण मोजणी आपली."

स्टॅम्पपेपरवर तीन अटी लिहिल्या. पऱ्याच्या दोन्ही बाजूंची वीस-वीस पावले कुऱ्हाड लावायची नाही. बेहडे आणि ढोलीची झाडे सोडायची. आणि रान उक्ते न देता झाडे मोजून, खूण करून द्यायची. बुंधा असा कापायचा की त्याला फुटवा येईल. पहिला ठेकेदार नमस्कार करून निघून गेला. दिवाळीनंतर दुसरा आला. त्याने अटी मानल्या, पण रक्कम बरीच कमी सांगितली. मुंबईच्या मंडळींना ठरल्यापेक्षा कमी घ्यायचे नव्हते. तेव्हा कमी पडलेले पैसे बाबांनी आपल्या वाट्यातून सोडले. ते पैसे माझ्या पुढच्या शिक्षणासाठी, कोल्हापूरला राहण्याच्या खर्चासाठी धरलेले होते. बाबा त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. मीही बोलले नाही. पण स्वेच्छेला किंमत पडते आणि ती कोणाच्या तरी खिशातून जाते, हे मला त्या दिवशी कळले. आणि ती नेहमी राखणाऱ्याच्याच खिशातून का जावी, विकत घेणाऱ्याच्या का जाऊ नये, हा प्रश्नही पडला. माझ्या मते ह्या विषयाचा गाभा तोच आहे. गिऱ्हाईक जोवर किमतीतला आपला वाटा उचलत नाही, तोवर राखणारा एकटा पडतो, आणि एकट्याची स्वेच्छा फार दिवस टिकत नाही.

फाल्गुनात तोड झाली. मी आणि माझा चुलतभाऊ वही घेऊन उभे होतो. अटी सगळ्याच पाळल्या गेल्या असे नाही. पऱ्याच्या एका अंगाला सहा झाडे गेली आणि नंतर "चुकून" असे उत्तर मिळाले. पण वहीत ती सहा झाडे लिहिलेली होती, म्हणून त्यांचे पैसे वेगळे मिळाले, आणि पुढचे दिवस कुऱ्हाड जरा विचार करून चालली. बेहडे उभे आहेत. त्यांतल्या एकाच्या ढोलीत काही आहे का, हे पाहायला आबा अधूनमधून काठी टेकत वर जातात.

आपल्या भाषेत एक म्हण आहे, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. लोखंडाला दोष देऊन आपण मोकळे होतो. पण दांडा लाकडाचा असतो, आपल्याच गोतातला. कोकणातल्या जंगलाच्या बाबतीत तो दांडा म्हणजे सातबाऱ्यावरच्या आपल्या सह्या. कंपन्यांना आणि ठेकेदारांना नीती शिकवायला निघण्यापूर्वी आपण एवढे तर करू: आपल्या घरात रानाचा विषय निघेल तेव्हा पडवीत बसून विचारायचे, मोजायचे आणि लिहून घ्यायचे. ह्या महाविद्यालयात शिकणाऱ्या आपणांपैकी अनेकांच्या घरी असे एक तरी रान आहे. प्राध्यापकवर्गाला माझी विनंती आहे की अशा करारनाम्याचा एक साधा मराठी नमुना तयार करून द्यावा आणि इच्छुक विद्यार्थ्यांना झाडे मोजायला शिकवावे. अर्थशास्त्र आणि भूगोल ह्या दोन विभागांनी मनावर घेतले तर एका सुट्टीत होण्यासारखे हे काम आहे.

ओंडके मोजणाऱ्या एका राजाने आपल्या जिल्ह्यात तीस वर्षे बंदिवासात काढली. आपण तर मोकळे आहोत. आपल्याला मोजायला कोणी अडवलेले नाही.